प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे उत्प्रेरक : पहिल्या दिवशीचा आकडा की तीस हजार फेऱ्यांनंतरचा?

सुमेधा_क

ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून केलेली हायड्रोजनवरची बस पुण्यात दाखवली, तेव्हापासून ओळखीचे लोक मला एकच गोष्ट विचारतात : "त्यात प्लॅटिनम असतं म्हणे. मग परवडणार कसं?" प्रश्न रास्त आहे. मी याच कामात आहे, प्लॅटिनम-कोबाल्टची भुकटी बनवणं आणि तपासणं हा माझा रोजचा उद्योग. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं.

ही बस चालते फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांतून वीज बनवणाऱ्या घटावर. प्लॅटिनम त्यातला उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ. या घटाला दोन बाजू. हायड्रोजनच्या बाजूला काम इतकं झटपट होतं की दर चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलिग्रॅम प्लॅटिनम सहज पुरतं. सगळी रड आहे ती हवेच्या बाजूची, म्हणजे कॅथोडची. तिथे ऑक्सिजनच्या रेणूतला बंध तोडायचा, त्याला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन द्यायचे आणि पाणी करायचं. हिशोबाने घटाला १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात जरासा प्रवाह घेतला की ०.९ वर येतो, गाडी चालवण्याइतका घेतला की ०.६५-०.७ वर. या तुटीतला मोठा वाटा कॅथोडवरच्या या एका अभिक्रियेचा.

प्लॅटिनमच का? सोनं ऑक्सिजनला जवळच करत नाही. निकेल एकदा धरलं की सोडत नाही, शिवाय आम्लात विरघळतं. प्लॅटिनम मधोमध आहे, पण तेही अगदी मधोमध नाही. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जरा जास्तच घट्ट चिकटून बसतो. एसटीत कुणी रुमाल टाकून सीट अडवावी, तशी पुढच्या ऑक्सिजनची जागा अडते. २००४ मध्ये डेन्मार्कमधल्या नॉर्स्कोव्ह यांच्या गटाने गणिताने दाखवलं की प्लॅटिनमने ऑक्सिजनला सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टने सैल धरलं, तर अभिक्रियेचा वेग सर्वात जास्त मिळेल.

हे सैल करण्याचं काम कोबाल्ट किंवा निकेल करतात, आणि तेही पृष्ठभागावर न येता. हे अणू प्लॅटिनमपेक्षा लहान. ते खालच्या थरात बसले की वरच्या प्लॅटिनमच्या अणूंमधलं ०.२७७ नॅनोमीटरचं अंतर थोडं आवळतं. शिवाय खालच्या शेजाऱ्यांमुळे वरच्या अणूंची इलेक्ट्रॉन-रचनाही बदलते. दोन्हींचा परिणाम एकच, पकड सैल. वर निव्वळ प्लॅटिनमची साल, आत मिश्रधातू, असा हा कण. या सालीची गोष्ट १९९९ मध्ये जपानच्या यामानाशी विद्यापीठात वातानाबे यांच्या गटाने लोह, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूंवर नीट मांडली.

मग २००७ चा तो गाजलेला निकाल. स्टॅमेन्कोविच आणि मार्कोविच यांनी तीन भाग प्लॅटिनम, एक भाग निकेल असा एकस्फटिक घेतला आणि त्याच्या (१११) या, अणू सर्वात दाटीने बसलेल्या पृष्ठभागावर शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठभागापेक्षा १० पट वेग मोजला. कार्बनवरच्या नेहमीच्या प्लॅटिनम भुकटीपेक्षा तर ९० पट. तेव्हापासून जगभर शर्यत लागली आहे. अष्टफलकी कण झाले, २०१४ मध्ये पोकळ सांगाड्यासारखे कण झाले, २०१६ मध्ये खडबडीत नॅनोतारांवर प्लॅटिनमच्या दर मिलिग्रॅमला १३.६ अँपिअर असा आकडा आला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मोटारींसाठी ठेवलेलं उद्दिष्ट होतं ०.४४!

उद्दिष्टाच्या तीसपट निकाल हाती असताना रस्त्यावरच्या गाड्यांत अजून साधी, गोलसर प्लॅटिनम-कोबाल्टची भुकटीच का, हा माझा खरा विषय.

आमच्याकडे मिश्रधातूची भुकटी भट्टीतून काढली की कोमट आम्लात ढवळत ठेवतात. काळी भुकटी खाली बसली की वरचं पाणी पाहायचं. ते फिकट गुलाबी झालेलं असतं. हा विरघळलेला कोबाल्ट. सालीखाली न झाकलेला प्रत्येक अणू असाच निघून जातो. धुणं संपतं तेव्हा गुलाबी रंग यायचा थांबतो, पण घटाच्या आत ८० अंशांवर, दोन बाजूंमधल्या, प्रोटॉन पलीकडे नेणाऱ्या आम्लधर्मी पडद्याला चिकटून, व्होल्टेज वरखाली होत असताना हेच धुणं पुढची कित्येक वर्षं चालू राहणार असतं. प्रत्येक वेळी व्होल्टेज ०.९ च्या पुढे गेलं की प्लॅटिनमवर ऑक्साइड चढतं, खाली आलं की उतरतं, आणि या चढउतारात सालीतला एखादा अणू सुटतो. साल फाटली की आतला कोबाल्ट उघडा.

म्हणून माझं स्पष्ट मत : मिश्रधातूचं मोल तिचा कोबाल्ट जागच्या जागी किती टिकतो यावर ठरवावं. शोधनिबंधाच्या पहिल्या आकृतीतला उंच स्तंभ पाहून ठरवू नये. ०.६ आणि ०.९५ व्होल्टच्या दरम्यान ३०,००० फेऱ्या मारून मग बोलावं. नव्या पोरांना मी हेच सांगते, आणि त्यांचे निबंध परत येतात तेव्हा तपासनिसांनी मागितलेलं असतं ते वेगळंच काहीतरी, याचा मला मनापासून त्रास होतो.

---

घाटरस्ता

उत्तम धागा, ताई. मी ट्रकच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे सरळ विचारतो. एका गाडीत किती ग्रॅम? आणि बॅटरीच्या गाड्या एवढ्या पुढे गेल्या असताना हा खटाटोप कशासाठी? तिसरं, प्लॅटिनम काढूनच टाकता येत नाही का?

---

सुमेधा_क

ग्रॅमचा हिशोब सोपा आहे. मोटारीसाठी उद्दिष्ट होतं दर किलोवॅटला ०.१२५ ग्रॅम. ८० किलोवॅटच्या घटाला १० ग्रॅम. पेट्रोल-डिझेल गाडीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येही प्लॅटिनम गटातले धातू काही ग्रॅम असतातच, म्हणजे आकडा अगदी आवाक्याबाहेरचा नाही.

ट्रकचं गणित वेगळं. तिथे अमेरिकी ऊर्जा खात्याचं उद्दिष्ट आहे २५,००० तासांनंतर दर ग्रॅमला २.५ किलोवॅट. ३०० किलोवॅटचा घट धरला तर १२० ग्रॅम. मोटारीपेक्षा दर किलोवॅटला तिप्पटीहून जास्त प्लॅटिनम मुद्दाम चालवून घेतलंय, कारण ट्रकला आयुष्य हवं. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, ट्रकमालकाचा खरा खर्च इंधनाचा.

इथे एक आकडा सांगते, तो कुणी फारसा सांगत नाही. ८० अंशांवर उत्प्रेरकाचा वेग १० पट झाला तर घटाचं व्होल्टेज साधारण ७० मिलिव्होल्टने वाढतं. दुप्पट झाला तर जेमतेम २१. ०.७ व्होल्टवर चालणाऱ्या घटात २१ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३ टक्के. मोटार घेणाऱ्याला ते जाणवणारही नाही. दहा लाख मैल धावणाऱ्या ट्रकला तेच ३ टक्के हायड्रोजन फार मोलाचं. पण ते शेवटच्या मैलापर्यंत टिकलं तरच! म्हणूनच माझा हेका टिकाऊपणावर आहे.

बॅटरीबद्दल : शहरातल्या मोटारीसाठी बॅटरीच बरी, हे मी स्वतः म्हणते. लांब पल्ल्याचे अवजड ट्रक, जहाजं, पाणबुड्या हा फ्युएल सेलचा प्रांत.

प्लॅटिनम काढून टाकण्याबद्दल : कार्बनात लोह आणि नायट्रोजन बसवलेले उत्प्रेरक आहेत, सुरुवातीचा वेगही चांगला देतात. पण आम्लात लवकर ढेपाळतात, आणि थर इतका जाड लागतो की हवा आतपर्यंत पोचत नाही. छोट्या यंत्रांसाठी बॅलार्डने २०१७ मध्ये बिनप्लॅटिनम कॅथोडचा घट जाहीर केला होता. ट्रकसाठी आज तरी नाही.

---

अंबरनाथी

एका जुन्या गोष्टीचा उल्लेख राहिला, तो करतो. मिश्रधातूंची सुरुवात मोटारीच्या पडद्याच्या घटात झालेली नाही. ती फॉस्फोरिक आम्लाच्या घटात झाली, जो २०० अंशांच्या आसपास चालतो. अमेरिकेतल्या युनायटेड टेक्नॉलॉजीजमध्ये विनोद जालान आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम-व्हॅनेडियमचं पेटंट घेतलं ते १९८० मध्ये. पुढे क्रोमियम आणि कोबाल्ट आले. १९८३ मध्ये जालान आणि टेलर यांनीच लिहिलं की वेग वाढण्यामागे प्लॅटिनमच्या अणूंमधलं कमी झालेलं अंतर आहे. म्हणजे ताईंनी वर सांगितलेल्या आवळण्याची कल्पना संगणकी गणितांच्या वीस वर्षं आधीची! त्या वेळी व्हॅनेडियम गरम आम्लात टिकत नाही ही अडचण लगेच लक्षात आली होती, आणि पुढची सगळी धडपड टिकणारा जोडीदार शोधण्याची होती. तुमचा मुद्दा तेव्हाच्या लोकांनी कारखान्यात भोगलेला आहे.

नव्वदच्या दशकात संजीव मुखर्जी आणि सुप्रमणियम श्रीनिवासन यांनी क्ष-किरणांच्या शोषणाने घट चालू असतानाच अणूंमधलं अंतर आणि इलेक्ट्रॉनांची रिकामी जागा दोन्ही मोजलं. श्रीनिवासन यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात रेस्ट्रिक, गॉट्सफेल्ड आणि स्वतः श्रीनिवासन यांच्या कामामुळे चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅम लागणारं प्लॅटिनम ०.४ वर आलं. इलेक्ट्रोडच्या आत पडद्याचंच द्रावण मुरवलं, एवढीच युक्ती. मिश्रधातूने आजवर जेवढी बचत केली त्याहून ही मोठी, असं माझं मत.

आणि आपल्या दाराशी : अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा, डीआरडीओची. पाणबुडीला पाण्याखाली जास्त काळ राहता यावं म्हणून तिथे फॉस्फोरिक आम्लाच्या घटांवरची यंत्रणा तयार केली. जमिनीवरच्या नमुन्याची मोठी चाचणी मार्च २०२१ मध्ये पार पडली. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स हे उद्योगातले भागीदार. हायड्रोजन साठवून न नेता पाणबुडीवरच तयार करायचा, हे तिचं वैशिष्ट्य. अंबरनाथ म्हटलं की लोकांना शिवमंदिर आणि रासायनिक कारखाने एवढंच आठवतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

रेखांश

मी पीएचडी करतोय, आणि मला सुमेधाताईंचं म्हणणं थोडं एकांगी वाटतं. फिरत्या तबकडीच्या चाचणीत (आम्ही सगळे आरडीईच म्हणतो) एका नमुन्याला काही मायक्रोग्रॅम भुकटी पुरते. पूर्ण घट जोडायचा तर ग्रॅमभर लागते, आणि अष्टफलकी कणांची ग्रॅमभर भुकटी एका खेपेत एकसारखी बनवणं भयंकर अवघड आहे. मग निवड करायची कशी? पहिला आकडा चांगला नसेल तर त्या नमुन्याला कुणी तीस हजार फेऱ्या का द्याव्यात?

शिवाय १३.६ च्या आकड्याने निसर्गाची मर्यादा कुठे आहे ते कळतं. तेही ज्ञानच आहे.

---

सुमेधा_क

निसर्गाची मर्यादा कळते हे मान्य. माझं भांडण त्या आकड्यावरून गाडीबद्दल बोलण्याशी आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आरडीईची चाचणी सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. काचेसारख्या कार्बनची पाच मिलिमीटरची चकती आरशासारखी घासायची. भुकटीची शाई करायची, तिचा एक थेंब चकतीवर ठेवायचा. थेंब वाळताना काठाला कडं धरलं तर तो नमुना बाद, कारण थर सगळीकडे सारखा पातळ हवा. म्हणून चकती हळूहळू फिरवत वाळवतात. मग ऑक्सिजन विरघळवलेल्या सौम्य पर्क्लोरिक आम्लात ती मिनिटाला १६०० फेरे फिरवायची. खोलीचं तापमान, स्वच्छ आम्ल, प्रवाह चौरस सेंटिमीटरला काही मिलिअँपिअर.

घटात काय असतं? ८० अंश, प्रवाह त्याच्या शेकडो पट, आणि ऑक्सिजन पाण्यातून न येता कणाभोवतीच्या, पडद्याच्याच जातीच्या पॉलिमरच्या काही नॅनोमीटर जाड पापुद्र्यातून झिरपत येतो. त्या पॉलिमरचे सल्फोनेट गट प्लॅटिनमला चिकटून जागा अडवतात. आणि इथे मिश्रधातूचं खास दुखणं : सुटलेला कोबाल्ट कुठे जात नाही. तो याच पॉलिमरमध्ये प्रोटॉनच्या जागा पटकावून बसतो. प्रोटॉनची वाट अडते, ऑक्सिजनचीही. म्हणजे मिश्रधातू विरघळली की तिचा फायदा तर जातोच, वर ती शेजाऱ्यांचंही नुकसान करते. लोह सुटलं तर आणखी वाईट. हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर ते असे मुक्त मूलक तयार करतं की पडदाच कुरतडला जातो. गाड्यांत प्लॅटिनम-लोह न घेता प्लॅटिनम-कोबाल्ट घेतलं यामागचं हे एक मोठं कारण.

आरडीईत यातलं काहीच दिसत नाही. सुटलेला धातू शंभर मिलिलिटर आम्लात विरून जातो आणि आलेख सुंदर येतो.

तेव्हा रेखांश, निवडीसाठी आरडीई जरूर करा. पण चाचणीआधी आणि नंतर भुकटीत कोबाल्ट किती आणि आम्लात किती उतरला एवढं तरी सोबत द्या. त्याला ग्रॅमभर भुकटी लागत नाही.

---

रेखांश

हे पटलं. आमच्याकडे आयसीपीची (द्रावणातले धातू मोजणाऱ्या यंत्राची) सोय आहे, आम्लातला कोबाल्ट मोजता येईल. पण मग सांगा, अष्टफलकी कणांना भवितव्यच नाही का? त्यांच्या कडा आणि टोकं फेऱ्यांमध्ये झिजून गोल होतात, निकेल नेमका पृष्ठांच्या मध्यातून आधी जातो, हे सगळं निबंधांत आहेच. मॉलिब्डेनम थोडं मिसळून २०१५ मध्ये टिकाऊपणा बराच वाढवला होता.

---

निशिगंध

मी जपानमध्ये असतो, घटाच्या रचनेवर काम करतो, उत्प्रेरकावर नाही. त्या बाजूने दोन शब्द.

टोयोटाने डिसेंबर २०१४ मध्ये मिराई ही हायड्रोजनची मोटार आणली तेव्हा तिच्या कॅथोडवर प्लॅटिनम-कोबाल्टच होतं, पण भरीव कार्बनावर. कण बाहेरच्या अंगाला, पॉलिमरच्या थेट संपर्कात. २०२० च्या दुसऱ्या पिढीत कार्बन बदलला. बारीक छिद्रांचा घेतला, आणि कण छिद्रांच्या आत बसवले. छिद्राचं तोंड काही नॅनोमीटरचं, त्यात पॉलिमरची साखळी शिरत नाही, ऑक्सिजन आणि पाणी शिरतात. सल्फोनेट चिकटायचे थांबतात, आणि कण एकमेकांना येऊन मिळण्याचं प्रमाणही कमी होतं. जनरल मोटर्सच्या कोंगकानंद यांच्या गटाने ४ ते ७ नॅनोमीटरची छिद्रं सर्वात सोयीची असं दाखवलं आहे. धातू तोच, पण बसवायची जागा बदलल्यावर निकाल बदलला. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली ही सर्वात कामाची सुधारणा, आणि उत्प्रेरकवाल्यांच्या गप्पांत तिला दुय्यम जागा मिळते.

दुसरं, गाडीत उत्प्रेरकाला एकट्याला झुंजावं लागत नाही. सोबत बॅटरी असते. सिग्नलला गाडी थांबली की घटाचं व्होल्टेज वर चढू पाहतं, तेव्हा नियंत्रक थोडा प्रवाह काढून ते ०.८५ च्या आसपास रोखून धरतो. वर उल्लेखलेली ऑक्साइडची चढउतार त्यामुळे बरीच टळते. चाचणीतल्या फेऱ्या यापेक्षा कठोर असतात, हेही लक्षात ठेवा.

---

सुमेधा_क

निशिगंध, छिद्रांचा मुद्दा मूळ लेखात यायलाच हवा इतका महत्त्वाचा, आणि तुम्ही नेमका मांडलात.

रेखांश, अष्टफलकी कणांपेक्षा माझी भिस्त सुव्यवस्थित मिश्रधातूंवर आहे. साध्या मिश्रधातूत कोबाल्ट आणि प्लॅटिनम स्फटिकात कुठेही बसलेले असतात. ६००-७०० अंशांवर बराच वेळ तापवलं की ते आपापल्या ठरलेल्या जागा घेतात, दोन्ही निम्मे निम्मे असतील तर एक थर प्लॅटिनम, एक थर कोबाल्ट. या रचनेत प्रत्येक कोबाल्टला शेजारी प्लॅटिनम जास्त मिळतात, बंध घट्ट होतो, आणि आम्लात तो सहज सुटत नाही. २०१३ मध्ये कॉर्नेलच्या अब्रुन्या यांच्या गटाने तीनास एक प्रमाणात हे दाखवलं, २०१८ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या सुन यांच्या गटाने निम्म्यास निम्मं प्रमाण घेऊन. अडचण तापवण्याची. तीन नॅनोमीटरचे कण ७०० अंशांवर एकमेकांत वितळल्यासारखे मिसळून मोठे होतात, आणि मोठा कण म्हणजे आत वाया गेलेलं प्लॅटिनम. तीन नॅनोमीटरच्या कणात सुमारे एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर असतात, सहाच्या कणात त्याच्या निम्मे. म्हणून कणांवर सिलिकाचं किंवा मिठाचं आवरण घालून भट्टीत टाकतात, किंवा निशिगंध म्हणतात तशा छिद्रांमध्येच कोंडून तापवतात. दोन्ही वाटा इथेच येऊन मिळतात, आणि मला वाटतं पुढची दहा वर्षं काम याच जागी होणार.

---

घाटरस्ता

शेवटचा प्रश्न. घट निकामी झाला की त्यातल्या १२० ग्रॅमचं काय? भंगारवाल्याला द्यायचा?

---

अंबरनाथी

अजिबात नाही, ते धन आहे. प्लॅटिनम झिजून नाहीसं होत नाही. विरघळलेलं काही मोठ्या कणांवर जाऊन बसतं, काही पडद्यात शिरतं आणि पलीकडून येणाऱ्या हायड्रोजनमुळे तिथेच पुन्हा धातू होऊन पट्ट्यासारखं जमतं. सूक्ष्मदर्शकाखाली तो पट्टा स्पष्ट दिसतो. म्हणजे जवळजवळ सगळं घटातच असतं, फक्त कामाच्या जागी नसतं. ते परत मिळवता येतं. पण सरळ भट्टीत जाळायचं नाही. पडद्यात फ्लोरिन असतो, जाळल्यावर हायड्रोफ्लोरिक आम्लाचा वायू निघतो, तो माणसालाही घातक आणि भट्टीलाही. म्हणून पडदा आधी वेगळा काढून भुकटी आम्लात विरघळवण्याची पद्धत जास्त बरी.

जगातलं सुमारे ७० टक्के प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. भारतात खाणीतून म्हणण्यासारखं काहीच निघत नाही. त्यामुळे आपल्याकडे बस आणि ट्रक वाढायच्या आधीच जुने घट परत घेण्याची सोय उभी राहायला हवी. घाटरस्ता, ट्रक घ्याल तेव्हा विकणाऱ्याला करारातच विचारा की जुना घट कोण परत घेणार आणि त्यातल्या प्लॅटिनमची किंमत कुणाच्या खात्यात जमा होणार.